प्लॅन छापला, माप चुकलं

चौकातल्या फ्लेक्सवरचा नेता छपाईत तीन टक्क्यांनी बारीक झाला, तर कोणाचं काही बिघडत नाही. घराचा प्लॅन तीन टक्क्यांनी बारीक झाला, तर १:१०० प्रमाणातली पाच मीटरची खोली पट्टीवर चार मीटर ८५ सेंटिमीटर भरते. क्षेत्रफळात फटका जवळजवळ दुप्पट बसतो, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही घटतात. १,०८९ चौरस फुटांचा एक गुंठा अशा कागदावरून मोजला, तर सुमारे १,०२५ चौरस फूट निघतो. उरलेली ६४ चौरस फूट जागा शेजाऱ्याने दाबलेली नसते. प्रिंट काढताना कोणीतरी ‘फिट’ निवडलेलं असतं, एवढंच.

मोठ्या आकाराच्या छपाईत बिघाड दोन जातींचे असतात. शाई फुटते, पट्टे उमटतात, कागद वाकडा ओढला जातो. हे बिघाड डोळ्यांना दिसतात आणि प्रिंट तिथल्या तिथे रद्द होते. दुसऱ्या जातीत प्रिंट झकास निघते, रेघा सुरेख, अक्षरं स्वच्छ, आणि तरीही कागद खोटं बोलत असतो. पहिल्या जातीत नुकसान एका कागदाचं. दुसरी जात थेट साइटवर किंवा मंजुरीच्या टेबलावर पोचते.

अमोनिया प्रिंटला जमायचं नाही ते

जॉन हर्शेल यांनी १८४२ साली सायनोटाइपची पद्धत शोधली आणि त्यातून निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांची ‘ब्लूप्रिंट’ आली. नंतरच्या अमोनिया प्रिंटने रंग उलटे केले. त्या वासाच्या खोल्या जुन्या आर्किटेक्टांना आजही आठवतील. दोन्ही पद्धतींत ट्रेसिंग थेट संवेदनशील कागदावर ठेवून प्रकाश द्यायचा. मधे भिंग नाही, संगणक नाही. त्यामुळे नक्कल मूळ चित्राएवढीच यायची. ‘कागदात बसत नाही, थोडं लहान करू’ असं म्हणायची सोयच त्या यंत्रात नव्हती.

आता कॅडमधून पीडीएफ, पीडीएफमधून ड्रायव्हर, ड्रायव्हरमधून प्लॉटर असा प्रवास होतो आणि यातला प्रत्येक टप्पा न विचारता मदत करायला तयार असतो. बहुतेक छुप्या चुका या मदतीतून येतात.

‘फिट’ची मदत

ए-१ कागद ५९४ × ८४१ मिलिमीटरचा. ड्रॉइंगची पीडीएफही नेमकी तेवढीच. पण प्लॉटर कडेच्या काही मिलिमीटरांवर छापत नाही. मग दोनच गोष्टी होतात: चौकटीची कड कापली जाते, किंवा सॉफ्टवेअर सगळं चित्र किंचित आत ओढून घेतं. कापलेली कड लगेच दिसते, ओढलेलं चित्र दिसत नाही. म्हणून प्रिंटच्या खिडकीत ‘फिट’ आणि ‘श्रिंक ओव्हरसाइज्ड पेजेस’ हे दोन्ही पर्याय सोडून ‘अ‍ॅक्चुअल साइज’ घ्यावा. चोवीस इंची रोल ६१० मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे ए-१ बसून १६ मिलिमीटर उरतात. कागदाचा आकार थोडा मोठा सांगायचा, पूर्ण मापात छापायचं आणि कडा नंतर कापायच्या.

अमेरिकी कामं करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या ऑफिसांत आणखी एक खड्डा आहे. तिकडचा ‘आर्च डी’ कागद २४ × ३६ इंचांचा, म्हणजे साधारण ६१० × ९१४ मिलिमीटर. दिसायला ए-१ चाच भाऊ. तो ए-१ वर ‘फिट’ केला की चित्र ९२ टक्क्यांवर येतं आणि दहा मीटरची भिंत नऊ मीटर वीस भरते.

लहान करणं हा गुन्हा नव्हे. ‘ए’ मालिकेच्या लांबी-रुंदीचं गुणोत्तर दोनाच्या वर्गमुळाएवढं ठेवलेलं आहे, त्यामुळे ए-१ चं ड्रॉइंग ए-३ वर बरोबर निम्म्यावर येतं आणि १:१०० चं १:२०० होतं. हा हिशेब कोणीही करू शकतो, फक्त ती प्रिंट निम्म्या मापाची आहे हे तिच्यावर ठळक लिहिलेलं हवं. आणि प्रमाण नुसत्या आकड्यांत न लिहिता मापपट्टी काढून दाखवावी. चित्र आकसलं की पट्टीही तेवढीच आकसते. ‘१:१००’ हे अक्षर मात्र लहान झालं तरी तेच सांगत राहतं.

पडद्यावर होतं, कागदावर नाही

ऑटोकॅडमध्ये नवख्याला हमखास चकवणारा एक लेअर आहे: ‘डेफपॉइंट्स’. मापं टाकायला लागलं की तो आपोआप तयार होतो आणि त्यावर काढलेलं काहीही छापलं जात नाही. पडद्यावर खिडकी आहे, प्रिंटमध्ये नाही, असं झालं की आधी ती रेघ कोणत्या लेअरवर आहे ते बघावं.

दुसरा चकवा पिवळ्या रंगाचा. काळ्या पडद्यावर पिवळी रेघ उठून दिसते, पांढऱ्या कागदावर जवळजवळ नाहीशी होते. त्यावर उपाय म्हणून ‘मोनोक्रोम’ प्लॉट स्टाइल लावतात, सगळ्या रेघा काळ्या होतात. पण मंजुरीच्या नकाशात पाडायचं बांधकाम पिवळं आणि प्रस्तावित बांधकाम लाल दाखवायचं असतं, तिथे हाच उपाय अंगाशी येतो. साइटचा सेट काळा, मंजुरीचा रंगीत, हे दुकानदाराला आधीच सांगायला हवं. प्लॉट स्टाइलची फाइल सोबत दिली नसेल, तर भिंतीची जाड रेघ आणि फरशीची बारीक रेघ एकाच जाडीत येऊ शकतात. जोडलेली एक्स-रेफ फाइल राहिली, तर खालचा सर्व्हे नकाशाच गायब.

मराठी मजकुराचं दुखणं वेगळं. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. दुकानातल्या संगणकावर तो फाँट नसला की मालकाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी छापली जाते. युनिकोड फाँट वापरावा, पीडीएफमध्ये तो एम्बेड करावा आणि ती पीडीएफ दुसऱ्या कोणाच्या संगणकावर उघडून बघावी. दुकानात कॅड फाइल देण्याऐवजी पीडीएफ द्यायची ती यासाठीच. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून. प्लॅनचा फोटो पाठवला की बारीक आकडे धुरकट होतातच, प्रमाणाचाही पत्ता राहत नाही.

अर्धा कागद कोरा

ए-० म्हणजे सोळा ए-४. ३०० डीपीआयला त्याचे जवळपास १४ कोटी ठिपके होतात आणि रंगीत चित्र चारशे एमबीच्या वर जातं. त्यात उपग्रहाचं छायाचित्र आणि पारदर्शक रंगांचे थर असले, की प्लॉटर मधेच थांबतो किंवा एखादा भाग न छापताच कागद कापून देतो. पीडीएफ छापताना ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ निवडलं की पानाची आकडेमोड संगणक करतो आणि प्लॉटरकडे तयार चित्र जातं. वेळ लागतो, पण बहुधा काम होतं.

पट्टे आणि पाऊस

छपाईत पांढऱ्या बारीक रेघा आल्या की पहिला संशय तुंबलेल्या नोझलवर. त्यासाठी नोझल चेकचा नमुना काढायचा. तो तुटक आला तरच हेड साफ करायचं, कारण प्रत्येक सफाईत शाई वाया जाते. नमुना अखंड असूनही ठरावीक अंतरावर गडद किंवा फिके पट्टे येत असतील, तर दोष बहुधा कागद पुढे सरकवण्याच्या मापात असतो. तिथे पेपर अ‍ॅडव्हान्सचं कॅलिब्रेशन करावं लागतं.

पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा पितो, फुगतो, लाटा धरतो. रोल प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा. ड्रायव्हरमध्ये कागदाचा खरा प्रकार निवडावा; साध्या बाँड पेपरवर जाड कागदाएवढी शाई ओतली की तो लिबलिबीत होतो.

तीन मापांत निदान

हे सगळं लक्षात ठेवायचं नसेल, तर एकच सवय पुरे. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरचा चौरस काढून ठेवायचा आणि प्रिंट हातात आली की त्याला स्टीलची पट्टी लावायची. दोन्ही बाजू सारख्याच कमी, समजा ९७ आणि ९७, तर सॉफ्टवेअरने आकसवलं आहे, सेटिंग बदला. रोलच्या रुंदीत १०० आणि लांबीत साडेनव्व्याण्णव, तर कागद सरकण्यात खोट आहे, मशीन तपासा. तिसरं माप मोठ्या चौकटीच्या दोन कर्णांचं. ते सारखे नसले, तर कागद तिरका ओढला गेला आहे. रोल पुन्हा बसवा. भिंतींचा काटकोन बघायला मिस्त्री दोन्ही कर्ण मोजतो, तीच रीत. ए-१ च्या लांबीत अर्धा-पाऊण मिलिमीटरचा फरक चांगल्या प्लॉटरकडूनही होतो, त्यावरून वाद घालू नये.

‘मापं मोजून घेऊ नयेत, लिहिलेली पाळावीत’ अशी सूचना ड्रॉइंगवर असते आणि ती योग्यच आहे. पण एखादं माप लिहायचं राहून जातं, क्षेत्रफळाचा अंदाज घाईत घ्यावा लागतो, आणि त्या वेळी कोणीतरी कागदावर पट्टी ठेवतोच. तेव्हा ती पहिल्यांदा दुकानाच्या काउंटरवर, पैसे देण्याआधी ठेवलेली बरी. तिथे चूक सापडली तर दुसरी प्रिंट काढून मिळते.