ओल्या लाकडाचा हिशेब

इंग्लंडमध्ये ओलं सरपण पोतंभर विकलं तर दंड होतो, ट्रकभर विकलं तर होत नाही. ऐकायला हा कायदा उफराटा वाटतो, पण त्यामागे विचार आहे. पेट्रोल पंपावरून जाळीच्या पिशवीत लाकडं घेणारा माणूस ती त्याच संध्याकाळी शेगडीत घालणार. घराच्या अंगणात ट्रक रिकामा करून घेणाऱ्याकडे मात्र लाकूड रचून ठेवायला जागा आहे आणि तो ते वर्षभर वाळवेल, असं सरकारने धरून चाललं आहे. म्हणून १ मे २०२१ पासून तिथे नियम असा: २ घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकायचं तर त्यातला ओलावा २० टक्के किंवा त्याहून कमी हवा, आणि तसं प्रमाणपत्रही हवं. २ घनमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर ओलं विकता येतं, फक्त सोबत एक लेखी सूचना द्यायची. हे लाकूड आत्ता जाळू नका, असं वाळवा, वाळलं की नाही ते असं तपासा, एवढं त्या कागदावर असलं की झालं.

हे नियम फक्त इंग्लंडपुरते आहेत. वेल्स आणि स्कॉटलंड यात येत नाहीत. याच नियमांनी घरगुती दगडी कोळशाची पिशवीबंद विक्रीही त्याच दिवशी थांबवली. सुट्या कोळशाला १ मे २०२३ पर्यंत मुदत मिळाली. कोळशाचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. लाकडाचं वाटलं, कारण लाकूड विकणारे बहुतेक लोक गावातले, ओळखीचे होते.

धुराशी इंग्रजांचं नातं जुनं आहे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाचा धूर आणि धुकं मिळून असं काही बसलं की त्यात निदान चार हजार माणसं गेली. नंतरच्या अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. त्यातून १९५६ चा क्लीन एअर अ‍ॅक्ट आला, शहरांत धूरबंदीचे पट्टे ठरले, घराघरांत गॅस आला आणि शेगड्या विझल्या. मग पन्नासेक वर्षांनी त्या पुन्हा पेटल्या, पण आता गरज म्हणून नव्हे. बैठकीच्या खोलीत लोखंडी स्टोव्ह, त्याला काचेचं दार आणि आत लाल निखारे, ही मध्यमवर्गाची हौस झाली. हौसेचा धूरही फुप्फुसात तसाच जातो. २०१९ च्या स्वच्छ हवा धोरणात सरकारने पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांसाठी घरगुती लाकूड आणि कोळशाकडे बोट दाखवलं. तेव्हा देशातल्या अशा कणांपैकी ३८ टक्के घरगुती शेगड्यांतून येतात असा अंदाज मांडला जात होता. पुढे लोक प्रत्यक्षात किती आणि काय जाळतात याची नव्याने पाहणी झाली आणि २०२२ मध्ये घरगुती लाकडाचा वाटा १७ टक्क्यांवर आला. स्टोव्हवाल्यांनी या दुरुस्तीचा मोठा गाजावाजा केला. पण १७ टक्केही थोडे नाहीत, आणि त्यातला बराचसा धूर टाळता येण्याजोगा आहे.

तो कसा, हे समजायला लाकडाच्या आत डोकवायला हवं. नुकत्याच तोडलेल्या ओकच्या ओंडक्यात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असतं. अ‍ॅश हे झाड त्यातल्या त्यात कोरडं, त्यात एक तृतीयांशाच्या आसपास. पूर्ण कोरड्या लाकडाच्या एका किलोतून साधारण ५ युनिट ऊर्जा मिळते. २० टक्के ओलाव्याच्या लाकडातून ४, आणि ५० टक्क्यांच्या लाकडातून २ च्या थोडी वर. यावरून वाटेल की उरलेली सगळी ऊर्जा पाण्याची वाफ करण्यात गेली. तसं नाही. एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला एका युनिटचा सुमारे दोन तृतीयांश भागच लागतो. बाकीचा फरक साधा आहे: त्या किलोत लाकूडच कमी होतं. खरं नुकसान वेगळ्या ठिकाणी होतं. वाफेमुळे शेगडीचं तापमान चढत नाही. लाकूड तापलं की त्यातून जे वायू निघतात ते जळायला बरीच उष्णता लागते. ती मिळाली नाही की ते न जळताच वर जातात. तोच धूर. त्यातला काही चिमणीच्या आतल्या अंगाला डांबरासारखा चिकटतो आणि एखाद्या दिवशी चिमणीलाच आग लागते. उरलेला शेजाऱ्यांच्या वाट्याला येतो. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या आपल्याकडच्या बाईला हे सगळं शास्त्र डोळ्यांतल्या पाण्यावरून ठाऊक असतं. म्हणून तर मृग लागायच्या आत सरपण पडवीत जातं.

तेव्हा नियमाच्या मुळाशी वाद नाही. वाद आहे तो त्याचा भार कुणावर पडला याचा.

इंग्लंडमधला छोटा लाकूडवाला म्हणजे मुख्यतः तीन प्रकारची माणसं. पहिला, लोकांच्या बागेतली झाडं छाटणारा. छाटलेलं लाकूड त्याच्या दृष्टीने कचरा. ते फोडून हिवाळ्यात विकलं की चार पैसे सुटतात. दुसरा शेतकरी, ज्याच्या बांधावरची अ‍ॅशची झाडं एका बुरशीने मरताहेत. हा रोग ब्रिटनमध्ये २०१२ साली आढळला आणि देशातली बहुसंख्य अ‍ॅशची झाडं त्यात जातील असं मानलं जातं. रस्त्याकडेचं मेलेलं झाड पाडावंच लागतं, आणि पाडलं की त्याचं सरपण होतं. तिसरा जुन्या पद्धतीचा वनकामगार. केंट-ससेक्सकडे गोड चेस्टनटची झाडं ठरावीक वर्षांनी बुंध्याशी तोडतात, बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात आणि तेच रान पिढ्यान्‌पिढ्या लाकूड देत राहतं. या तिघांपैकी कुणाचाच सरपण हा पूर्ण धंदा नाही. एक जुनी पिकअप, लाकूड फोडायचं यंत्र आणि शेडचा एक कोपरा एवढंच त्यांचं भांडवल.

या माणसाला २० टक्क्यांची अट पाळायची तर दोन गोष्टी लागतात, जागा आणि वेळ. लाकूड फोडून, जमिनीपासून उचलून, वरून झाकून आणि बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवून थप्पी लावायची. अ‍ॅश किंवा बर्च चांगला उन्हाळा मिळाला तर एका वर्षात उतरतं. ओकला दोन उन्हाळे लागतात, कधी त्याहून जास्त. तेवढा काळ मजुरी, डिझेल आणि जागेचं भाडं त्या थप्पीत अडकून पडतं. त्यात इंग्लंडची हवा दमट. उन्हाळ्यात वाळलेलं लाकूड नोव्हेंबरात उघडं राहिलं तर हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेतं. शिवाय गिऱ्हाईक थंडी पडल्यावर जागं होतं.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. वर्षाला ६०० घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकणाऱ्यांना त्याने एक वर्ष जास्त दिलं, १ मे २०२२ पर्यंत. सवलत चांगली, पण ती झाडाच्या मापाने दिलेली नव्हती. २०२१ च्या सुरुवातीला पाडलेल्या ओकला त्या मुदतीत एकच उन्हाळा मिळतो.

ज्यांच्याकडे भट्टी होती त्यांना हा प्रश्न पडलाच नाही. भट्टीत तेच लाकूड काही दिवसांत वाळतं. इथे सरकारी धोरणातली एक गंमत नोंदवायला हवी. २०११ पासून ब्रिटनमध्ये अक्षय ऊर्जेवर उष्णता निर्माण करणाऱ्या व्यावसायिकांना प्रत्येक युनिटमागे अनुदान मिळत असे. अनेकांनी लाकडावर चालणारे बॉयलर बसवले आणि त्या उष्णतेवर विक्रीचं लाकूड वाळवलं. म्हणजे लाकूड जाळून लाकूड वाळवायचं आणि वर सरकारकडून पैसे घ्यायचे! ऊन-वाऱ्यावर फुकट वाळवणाऱ्याला अर्थातच अनुदान नव्हतं. हवा स्वच्छ करायच्या नियमाने बाजार याच भट्टीवाल्यांकडे आणि लाटव्हिया-लिथुआनियाहून जहाजाने येणाऱ्या भट्टीतल्या बर्चकडे सरकवला. गावातलं अ‍ॅश बांधावर पडून आणि बाल्टिकचं बर्च दुकानात, हे चित्र पर्यावरणाच्या नावाने उभं राहावं हे मला पटत नाही.

त्याहून जास्त बोचते ती प्रमाणपत्राची बाजू. सरकारने हे काम वुडशुअर नावाच्या संस्थेकडे दिलं. विक्रेत्याने तिच्याकडे नोंदणी करायची, नमुने तपासून घ्यायचे, नोंदी ठेवायच्या, दरवर्षी शुल्क भरायचं. मग पिशवीवर ‘रेडी टू बर्न’ ही खूण, विक्रेत्याचं नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक छापता येतो. खर्च काही शे पौंडांचा. समजा तो ४०० पौंड धरला. वर्षाला ५,००० घनमीटर विकणाऱ्या कंपनीला तो दर घनमीटरमागे ८ पेन्स पडतो. १०० घनमीटर विकणाऱ्या शेतकऱ्याला ४ पौंड. लाकूड तेच, ओलावाही तोच. शुल्काचे टप्पे ठेवले तरी तपासणी आणि नोंदींचे तास काही धंद्याच्या आकाराप्रमाणे कमी होत नाहीत. त्यामुळे अनेकांपुढे हिशेबाने दोनच वाटा राहतात. पिशवी आणि छोटी खेप सोडून द्यायची आणि फक्त २ घनमीटरच्या वर विकायचं, किंवा लाकूड घाऊक भावात भट्टीवाल्याला देऊन मोकळं व्हायचं. पहिल्या वाटेने गेलं की लहान घरातलं गिऱ्हाईक तुटतं, कारण २ घनमीटर लाकूड ठेवायला अंगण लागतं. दुसऱ्या वाटेने नफा जातो.

ओलावा मोजण्यातही एक खोच आहे. एक किलोच्या ओंडक्यात २०० ग्रॅम पाणी असेल तर ओलावा किती? एकूण वजनाशी तुलना केली तर २० टक्के. कोरड्या लाकडाच्या ८०० ग्रॅमशी केली तर २५ टक्के. लाकडी इंधनाच्या मानकांत पहिली पद्धत चालते. सुतारकामात दुसरी, आणि बाजारात मिळणारी दोन सुयांची हातातली यंत्रं बहुधा दुसऱ्याच पद्धतीचा आकडा दाखवतात. यंत्रावर २३ दिसले म्हणून घाबरलेल्या विक्रेत्याचं लाकूड इंधनाच्या हिशेबाने १९ च्या आतही असू शकतं. त्यात सुया ओंडक्याच्या बाहेरच्या टोकाला लावल्या तर आकडा फसवा कमी येतो. ओंडका फोडून ताज्या पृष्ठभागावर मोजायला हवं.

छोट्या विक्रेत्यांची बाजू घेताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. नियम येण्याआधी त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी ओलं लाकूड ‘वाळलेलं’ म्हणून खपवलं आहे. ‘सीझन्ड’ या शब्दाला कायद्यात काही माप नव्हतं; सहा महिने कुठेतरी पडून राहिलेलं लाकूडही सीझन्डच. आपल्याकडे वखारीत लाकूड वजनावर मिळतं, म्हणजे ओलं विकण्यात वखारवाल्याचा थेट फायदा. इंग्लंडमध्ये ते आकारमानावर विकतात, तिथे पाण्याचे पैसे मिळत नाहीत. पण वाळवायचा वेळ आणि जागा वाचते, तोही फायदाच. नियमाने ही लबाडी अवघड केली आणि जो खरोखर दोन वर्षं थप्पी राखत होता त्याला पहिल्यांदा आपलं लाकूड वेगळं दाखवता आलं. धंद्यात टिकलेल्यांना पिशवीवरची ती खूण उपयोगाची आहे.

प्रश्न उरतो तो पाहणार कोण. अंमलबजावणी स्थानिक कौन्सिलांच्या तपासणी खात्यांकडे आहे. नियम मोडणाऱ्याला जागेवरच ३०० पौंडांचा दंड करता येतो. पण हीच खाती खोट्या वजनापासून बनावट मालापर्यंत सगळं तपासतात. प्रमाणपत्र घेणारा प्रामाणिक माणूस त्यांच्या यादीत असतो, त्याचा पत्ता त्यांच्याकडे असतो. रस्त्याकडेला पिकअप लावून रोखीत विकणारा कुठल्याच यादीत नसतो.

म्हणून माझं मत असं की २० टक्क्यांची रेषा आहे तिथेच ठेवावी, प्रमाणपत्राची घडी मात्र बदलावी. शुल्क पूर्णपणे विकलेल्या घनमीटरवर आकारावं, एका तालुक्याएवढ्या भागातल्या पाच-दहा छोट्या विक्रेत्यांना मिळून एकच प्रमाणपत्र घेता यावं, आणि तपासणी कागदाऐवजी विक्रीच्या जागी लाकूड फोडून करावी. मुदतीही झाडाच्या जातीप्रमाणे द्यायला हव्या होत्या. यातलं काहीही हवेच्या आड येत नाही.

आपल्याला याच्याशी काय घेणं, असं वाटत असेल तर मुंबईकडे पाहावं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, तेव्हा जागा आणि भांडवल नसलेल्या छोट्या पाववाल्यांची तक्रार याच जातीची होती. धुराविरुद्ध कोणी नव्हतं. भट्टी बदलायचा खर्च कुणी सोसायचा, हा प्रश्न होता.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि घरात स्टोव्ह असलेल्या मराठी वाचकांना मात्र एक सांगणं आहे. पिशवी घेताना ‘रेडी टू बर्न’ची खूण आणि तिच्याखालचा प्रमाणपत्राचा क्रमांक पाहा. जवळपासच्या शेतकऱ्याकडून मोठी खेप घेत असाल तर लाकूड कोणत्या झाडाचं आणि केव्हा फोडलेलं आहे हे विचारा, त्याच्यासमोर एक ओंडका फोडून आतल्या बाजूला मीटर लावा, आणि आकडा जास्त आला तर लाकूड परत करू नका. भाव कमी करून घ्या, थप्पी लावा आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्याला हात लावू नका.