ताण उतरवण्याची रीत

सततच्या ताणात मज्जासंस्था कायम सावध राहते. पांढुर्णा-सौसर भागातील संत्रा बागायतदार आंबिया बहाराच्या फुलोऱ्यासाठी पाणी तोडून झाडाला ताण देतो. हा ताण लांबला तर झाड वाळते. माणसाचेही तसेच. भाव पडले, कर्ज थकले की ॲड्रेनालिन, कॉर्टिसॉल वाढतात, छाती धडधडते. हे महिनोन्महिने चालले की झोप उडते, चिडचिड वाढते, कामातून मन उठते.

यावर उपाय साधा, पण नेटाने करण्याचा आहे. श्वास नाकाने सावकाश घ्यावा आणि त्याहून लांब सोडावा. मिनिटाला साधारण ६ श्वास पुरेत. त्यामुळे व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाची गती मंदावते. ठरल्या वेळी झोप, रोजचे चालणे आणि जवळच्यांशी मोकळे बोलणे यांचीही जोड हवी. तरीही उदासी हटत नसेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा.