आरडीचे दोन सायलेन्सर

सकाळी ८.३०

नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं उघडायला अजून वेळ आहे. दोन सायलेन्सरचा आवाज वेगवेगळा ऐकायचा तर हीच वेळ. कालच एका काकांनी त्यांची राजदूत ३५० आणून लावली आहे. यामाहाची आरडी ३५० एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये या नावाने आपल्याकडे आणली, पण बोलताना सगळे तिला आरडीच म्हणतात. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर आणि प्रत्येकाची नळी स्वतंत्र. काकांनी कंपनीच्या नळ्या कधीच उतरवून ठेवल्यात. त्यांच्या जागी पोटात फुगीर असलेले चेंबर आहेत आणि चेंबरच्या टोकाला ॲल्युमिनियमचे गोल सायलेन्सर. तक्रार एकच: "भाऊ, आवाज फाटलाय. पिकअपही पहिल्यासारखा नाही."

किक मारतो, इंजिन गरम होऊ देतो आणि मागे उकिडवा बसून दोन्ही तोंडांसमोर हात धरतो. डावीकडून कोरडा, पत्र्यासारखा आवाज येतोय. उजवीकडचा आवाज दबका आहे, आणि तळहातावर काळे तेलकट ठिपके. आतली आवाज शोषणारी काचतंतूंची लोकर दोन्हीकडे संपली असणार हे धरूनच चाललो होतो. पण दुखणं दोन बाजूंना दोन तऱ्हेचं आहे, आणि ते न शोधता नुसती लोकर भरणं म्हणजे काकांचे पैसे पाण्यात.

९.१५

सिलिंडरजवळच्या नटांवर रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. पोलादी स्टड ॲल्युमिनियममध्ये बसलेला असतो. जोर केला तर नट सुटायच्या आधी आटे जातात, मग सिलिंडर उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून पाव आटा मागे, थोडा पुढे, परत मागे. हाताखालच्या पोराला मी हे काम पाना हातात धरायला लावून शिकवतो. नट सुटण्याआधीचा तो ताण सांगून कळत नाही.

दोन्ही सायलेन्सर कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर ठेवले. डावा हलका, उजवा हातालाच कळेल इतका जड.

१०.१५

तोंडाला मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे. काचतंतू कातडीत शिरले की दिवसभर खाज सुटते, आणि छातीत जायला तर नकोच. ड्रिलने रिव्हेटची डोकी उडवली, मागची टोपी लाकडी हातोडीने ठोकून काढली आणि आतली जाळीची नळी ओढली.

डाव्यात जवळजवळ काहीच नाही. तळाशी जळालेल्या चार गुठळ्या. कोणीतरी त्यात पत्र्याच्या शेडखाली लावतात ती लोकर भरली होती. तिचे तंतू आखूड असतात आणि चिकट पदार्थाने एकमेकांना धरून असतात. तापलं की तो पदार्थ जळतो आणि तंतू जाळीच्या भोकांतून धुराबरोबर बाहेर उडून जातात. सायलेन्सरला लागते ती लांब, अखंड तंतूंची लोकर. ती महाग पडते, पण टिकते.

उजव्यात लोकर होती, तेलाने भिजून तिचा काळा लगदा झालेला. आवाज शोषला जातो तो तंतूंमधल्या पोकळीत: लहर आत शिरते, तंतूंत घासली जाते आणि तिची उष्णता होते. पोकळी तेलाने भरली की लोकर असून नसल्यासारखी.

११.१५

एकट्या उजवीकडेच एवढं तेल का? पहिला संशय क्रँकच्या उजव्या सीलवर. ते गेलं की क्लचच्या बाजूचं गिअर ऑइल इंजिनात ओढलं जातं. पातळी बघितली, व्यवस्थित. मग कार्बोरेटर उघडले. उजव्याची सुई डाव्यापेक्षा एक खाच वर बसलेली निघाली, क्लिप खालच्या खाचेत. म्हणजे उजवा सिलिंडर जास्त पेट्रोल पीत होता, आणि काका पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात, तेव्हा ऑइलही जास्त. पिकअपची तक्रार इथेच होती. क्लिप डाव्याच्या बरोबरीने लावली. सायलेन्सर उघडल्यावर इंजिनाचं असं कळतं, म्हणून कोणी "नुसती लोकर बदलून द्या" म्हटलं तरी मी सहसा तसं करत नाही.

१२.३०

जाळीच्या नळ्या पोलादाच्या, त्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकल्या. बाहेरची ॲल्युमिनियमची कवचं त्या पाण्याजवळही नेत नाही. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. ती रॉकेलने धुतली. तासाभराने पोरगा तारेच्या ब्रशने आणि सुईने जाळीचं एकेक भोक मोकळं करत बसला.

चेंबरची शेवटची बारीक नळी मी स्वतः बघतो. तिथे काजळी साचून तोंड अरुंद झालं की दाब आणि उष्णता मागे साचते आणि शेवट पिस्टनला भोक पडण्यात होतो. जाळीच्या नळीचा आतला व्यासही कॅलिपरने तपासला. तो या बारीक नळीपेक्षा कमी असता कामा नये.

दुपारी २.००

आता मुख्य काम. जाळीवर आधी स्टेनलेस तारेच्या लोकरीचा पातळ थर, म्हणजे धुराचा झोत थेट काचतंतूंवर येत नाही. त्यावर काचतंतूंची पट्टी गुंडाळायची. फार घट्ट आवळली तर पोकळी मरते आणि आवाज उलट कडक होतो. सैल ठेवली तर लोकर थरथरून तुटते. कवचात सरकवताना गादी अंगठ्याखाली दबावी आणि सोडली की परत वर यावी. शिवाय दोन्ही बाजूंना वजन सारखं हवं. प्रत्येक पट्टी काट्यावर तोलून घेतली. एका बाजूला जास्त भरलं तर दोन सिलिंडरचे आवाज जुळत नाहीत, आणि आरडीचं गाणं त्या जुळण्यातच आहे.

वरून कागदी चिकटपट्टीचे दोन वेढे, सरकवताना लोकर गोळा होऊ नये म्हणून. ती पहिल्याच तापात जळून जाते. टोपीच्या कडेला उष्णता सोसणारं सिलिकॉन, आणि नवे रिव्हेट.

काकांचा मुलगा डोकावून गेला. "जाळीच काढून टाका ना, मस्त आवाज येईल." त्याला बसवून सांगितलं. टू-स्ट्रोकची ताकद चेंबरच्या पोटात असते. धूर बाहेर पडताना निघालेली लहर मागच्या निमुळत्या भागावर आपटून परत येते आणि नळीत निसटलेलं ताजं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत सिलिंडरमध्ये ढकलते. राजदूतच्या हाय टॉर्क मॉडेलला ३०.५ आणि लो टॉर्क मॉडेलला २७ अश्वशक्ती होती, त्यातही नळ्यांचा मोठा वाटा. सायलेन्सर या सगळ्याच्या पलीकडे, शेवटी बसतो. नीट भरला तर तो इंजिनाची ताकद घेत नाही, फक्त गोंगाट घेतो. राज्यातल्या कितीतरी शहरांत पोलिसांनी गोंगाट करणारे सायलेन्सर रोलरखाली चिरडलेत, आणि पहाटे झोपमोड झालेल्या म्हाताऱ्यांची बाजू मला पटते.

३.४५

बसवताना सगळं आधी सैल. तांब्याची वायसर लाल तापवून पाण्यात टाकली, म्हणजे ती मऊ होऊन नीट दबते. सिलिंडरकडचे नट हाताने फिरतील तेवढेच, मग मागच्या रबराच्या आधारात चेंबर आपोआप टेकायला हवा. ओढून-ताणून भोकं जुळवली तर हादऱ्याने वेल्डिंगला चीर जाते. डावीकडे थोडंसं अंतर राहत होतं, तिथे दुसरी वायसर घातली. मग पुढून मागे क्रमाने आवळत गेलो.

५.००

हडपसर ओलांडून दिवे घाटाच्या पायथ्याशी. चढावर, वाहतूक नाही असं बघून, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल, मग एकदम इंजिन बंद, क्लच दाबलेला. कडेला थांबून दोन्ही प्लग काढले. पांढरा असता तर मिश्रण पातळ, म्हणजे पिस्टन सीझ व्हायची भीती. ओला काळा असता तर जास्त पेट्रोल. दोन्ही तपकिरी आणि सारखे निघाले. मेन जेटला हात लावायची गरज नाही.

परत येताना वस्तीतून हळू आणली. वळून कोणी बघितलं नाही.

६.४५

काकांनी किक मारली आणि आधी डावीकडे वाकले, मग उजवीकडे. थोडा वेळ तसेच ऐकत राहिले.

"परत कधी उघडायचं?"

"आवाज कोरडा झाला की, काका. किंवा तोंडाशी तेलाचे थेंब दिसले की. ऑइलची बाटली बदलू नका आणि मापाच्या वर घालू नका. आणि उद्या फिरवून गार झाली की सिलिंडरकडचे चारही नट एकदा दाबून घ्यायचेत. नवी वायसर बसते आणि नट थोडे सैल पडतात."

"उद्या सकाळी इकडेच आणतो," काका म्हणाले, आणि मुलाला मागे बसवून निघाले.