विझलेल्या भट्टीचे आमंत्रण

काही वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातील गोष्ट. इंदूरचे आमचे साडूभाऊ सहकुटुंब गोव्यास आले होते. हातपाय धुऊन होतात न होतात तोच त्यांनी मोबाइल पुढे केला. काजूची फेणी गाळण्याची भट्टी पाहण्याची सहल त्यांनी प्रवासाच्या एका संकेतस्थळावर घरूनच नोंदवली होती, पैसेही भरले होते. तेथील चित्रात तांब्याच्या भांड्याखाली जाळ धगधगत होता, बोंडे तुडवणारी माणसे होती, आणि खाली ‘हे सारे प्रत्यक्ष पाहा’ असा आग्रह होता.

दुसऱ्या दिवशी दीड तास वाट काढीत आम्ही सत्तरीतल्या त्या वाडीवर पोहोचलो. पाहतो तो भट्टी थंड! चुलीत जुनी राख, भांडी पालथी घातलेली, दगडी कोळंबीत वाळका पाचोळा. घरधनी ओशाळून म्हणाला, “साहेब, बोंडू पिकायला अजून दोन-अडीच महिने आहेत. आता मी तुम्हांला काय दाखवू?” बिचाऱ्याने कोकमचे सरबत दिले, रिकामी कोळंबी दाखवली, जमेल तेवढे सांगितले. संकेतस्थळावरचा मजकूर त्याने लिहिलाच नव्हता. सहली जमवणाऱ्या एका मध्यस्थाने तो परस्पर लिहिला होता. साडूभाऊंनी मात्र रात्री रागाच्या भरात एकच तारा दिला, आणि तो पडला त्या गरीब घरधन्याच्या नावावर.

कौटुंबिक मासिकात मद्याची चर्चा कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. घ्यावे की न घ्यावे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, त्यात आम्ही पडत नाही. येथे प्रश्न आहे तो आपल्या शेजारच्या डोंगरावरील माणसांच्या पोटाचा, आणि पाहुण्यास बोलावताना शब्द कसा द्यावा याचा.

काजूचे झाड पोर्तुगिजांबरोबर ब्राझीलहून येथे आले आणि गोव्याच्या डोंगरउतारांवर असे रुजले, की आज ते परके वाटत नाही. फेणीसाठी बोंडू झाडावरून तोडीत नाहीत. पिकून आपोआप गळलेला तेवढा वेचतात. बी वेगळी काढून बोंडे कोळंबीत पायांनी तुडवतात. उरलेल्या चोथ्याचा ढीग रचून वर दगडाचे वजन ठेवले, म्हणजे त्यातून स्वच्छ रस ठिबकतो. तो नीरो. हा ताजाच पितात. लहान मुलांनाही तो चालतो. तुडवलेला रस दोन-तीन दिवस आपसूक आंबतो, त्यात बाहेरचे काही घालावे लागत नाही. मग तो भांड्यात चढवतात. पहिल्या धारेचा तो सौम्य हुर्राक, आणि हुर्राकात रस मिसळून पुन्हा गाळली की फेणी. या काजूफेणीस 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले. 2016 साली गोवा शासनाने फेणीस वारसा-पेयाचा दर्जा दिला.

पाहण्यासारखे एवढे असूनही घोटाळा होतो तो पंचांगात. गोव्यात पर्यटकांची दाटी होते ती नाताळच्या सुमारास. भट्टी पेटते ती फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेअखेरपर्यंत. पाहुणे असतात तेव्हा बोंडू नसतो, आणि बोंडवांचा घमघमाट डोंगरभर सुटतो तेव्हा पाहुणे उन्हाला भिऊन परतलेले असतात. पावसाची पहिली सर आली की सारे आटोपते. ही तफावत झाकून बारा महिने पेटलेल्या भट्टीचे चित्र लावणे, हेच अशा जाहिरातींचे मूळ दुखणे. एका हंगामाची नोंदणी त्याने वाढेलही, पण पुढच्या हंगामाची तो एक तारा खाऊन टाकतो.

मग मजकूर असावा कसा? पहिल्याच ओळीत महिने सांगावेत: ‘मार्च ते मे : भट्टी चालू. इतर महिन्यांत : काजूबाग, कोळंबी, जुनी भांडी आणि माहिती.’ दोन्हींचे दर निराळे ठेवावेत आणि संकेतस्थळावरील दिनदर्शिकेत भट्टीचे दिवस तेवढेच खुले ठेवावेत. डिसेंबरच्या पाहुण्यास जे मिळणार तेच सांगितले, तर तो रिकामी कोळंबीही आनंदाने पाहतो. फसवणूक रिकाम्या कोळंबीची नसते, भरलेल्या शब्दांची असते.

चित्रे त्याच जागेची असावीत आणि कोणत्या महिन्यातली ते खाली लिहावे. ‘अविस्मरणीय’, ‘अस्सल’, ‘अद्वितीय’ ही विशेषणे शेकडो जाहिरातींत सापडतात. ‘सकाळी आठला या, बोंडे तुडवणे तेव्हा चालते’ हे वाक्य त्याच भट्टीचे असते. नकाशावरची खूण स्वतः उभे राहून लावावी. वाडीच्या वाटेवर मोबाइलला संदेश मिळत नसेल तर शेवटचा ठळक थांबा, देऊळ किंवा तिठा, शब्दांत लिहावा. सहलीस लागणारा वेळ, चालणे किती, सावली व शौचालय आहे काय, वृद्धांस झेपेल काय, हे कुटुंब घेऊन निघणारा माणूस आधी पाहतो. गोव्यात मद्यासाठी वयाची अट 21 वर्षांची आहे. तेव्हा चव कोणास मिळेल, मुलांना काय मिळेल आणि गाडी हाकणाऱ्याने चव घेऊ नये, हेही तेथेच स्पष्ट असावे. बाटली गोव्याबाहेर न्यायची तर परवाना लागतो, ही सूचना पाहुण्यास नाक्यावरच्या मनस्तापातून वाचवते.

अभिप्रायांस उत्तर देणे हाही यजमानधर्मच. कोणी तक्रार केली तर वाद न घालता चूक मान्य करावी आणि काय सुधारले ते दोन ओळींत लिहावे. पुढचा पाहुणा तक्रारीपेक्षा ते उत्तर अधिक बारकाईने वाचतो.

आणि एक गोष्ट आपल्या मराठी घरांची. हे मजकूर बहुधा इंग्रजीत असतात, कारण डोळ्यांपुढे दूरचा पर्यटक असतो. पण मे महिन्यात, शाळांना सुटी असताना, गोव्यात कोण येते? बेळगावचे कुटुंब चोर्ला घाट उतरते ते थेट सत्तरीतच. आणि नेमकी तेव्हा भट्टी पेटलेली असते. कोल्हापूर, सावंतवाडी, इंदूर, बडोदे येथून आजोळी येणारी मुले याच दिवसांत येतात. ज्यांचा हंगाम भट्टीच्या हंगामाशी जुळतो, त्यांच्या भाषेतच आमंत्रण नाही, हे नवल नव्हे काय? इंग्रजीच्या जोडीला मराठीत दहा ओळी लिहिण्यास काही खर्च येत नाही.

त्या घरधन्याच्या पुतण्याने पुढे मध्यस्थाचा मजकूर काढावयास लावला आणि नवा लिहिला. मराठी ओळी आमच्या ओटीवर बसून झाल्या. साडूभाऊंना ते कळवले, तेव्हा ते थोडे वरमले. चूक कोणाची होती हे त्यांनी संकेतस्थळावर लिहिले आणि आपला तारा मागे घेतला. नोंदणीची रीघ लागली असे नाही. पण एप्रिलच्या एका सकाळी आम्ही गेलो, तेव्हा बेळगावचे एक कुटुंब कोळंबीकाठी उभे होते. आजी पदराने वारा घेत होत्या, नातू नीरोचा पेला दोन्ही हातांनी धरून पीत होता, आणि घरधनी भट्टीत लाकूड सारता सारता त्यांना सांगत होता, “आजी, जरा मागे सरा, धग लागेल.”

या खेपेस जाळ खरा होता.