सांस्कृतिक सात्मीकरणाचे अंकीय प्रलेखन

एखाद्या अल्पसंख्य समाजाला शासन, शाळा वा सामाजिक दडपण यांमुळे स्वतःची भाषा, नावे व रूढी टाकून बहुसंख्यांच्या संस्कृतीत मिसळावे लागते, तेव्हा त्या प्रक्रियेस सक्तीचे सांस्कृतिक सात्मीकरण म्हणतात. तिचे पुरावे ध्वनिमुद्रण, चित्रण व संगणकीय प्रती यांच्या रूपाने जतन करणे म्हणजे तिचे अंकीय (डिजिटल) प्रलेखन होय. कॅनडातील निवासी शाळांत सक्तीने धाडलेल्या आदिवासींच्या साक्षी मॅनिटोबा विद्यापीठातील केंद्रात अशा रीतीने जतन केल्या आहेत.

मराठवाड्यात ही प्रक्रिया मुख्यत्वे शाळा व जनगणना यांच्याद्वारे घडली. नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. हैदराबाद संस्थानची राजभाषा उर्दू होती; पुढे मराठी आली. गोंडी व कोलामी या द्राविडी भाषांना मात्र दोन्ही काळांत शाळेत क्वचितच स्थान मिळाले. मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या योजनेनुसार १९४३ मध्ये आदिलाबादमधील मारलवाई येथे निघालेले गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र व देवनागरीतील गोंडी वाचनपुस्तके हा त्यास अपवाद होय. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील तांड्यांवरील बंजाऱ्यांची गोरबोली २०११ च्या जनगणनेत हिंदीखाली मोजली गेली. ‘लमाणी/लंबाडी’ ही मातृभाषा सांगणारे भारतातील ३२,७६,५४८ लोक त्यामुळे हिंदी भाषकांच्या संख्येत जमा झाले. बोलणारे असूनही भाषा सूचीतून लोपते, ती अशी.

गोंडीच्या मसराम लिपीला २०१७ मध्ये व आदिलाबादमधील गुंजाला गावच्या हस्तलिखितांतील लिपीला २०१८ मध्ये युनिकोड या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीत स्थान मिळाले. त्यामुळे या लिप्यांतील मजकूर केवळ छायाचित्ररूपाने न राहता संगणकावर लिहिता व शोधता येतो. गोरबोली महाराष्ट्रात देवनागरीत लिहितात. तथापि तिचे लेंगी, ढावलो इ. गीतप्रकार मौखिक असल्याने तेथे ध्वनिमुद्रण हेच मूळ साधन ठरते. प्रत्येक मुद्रणासोबत स्थळ, दिनांक, मूळ बोलीतील संहिता व मराठी अर्थ नोंदवणे आवश्यक असते.

केवळ गीते व वेशभूषा साठविल्याने सात्मीकरणाचा इतिहास उलगडत नाही. घरची भाषा केव्हा व कोणत्या दडपणाने सुटली, शाळेच्या दाखल्यात नाव व मातृभाषा काय लिहिली गेली, यांविषयीच्या साक्षीही घ्याव्या लागतात. अंकीय प्रती सहज पसरतात, हा त्यांचा गुण तसाच धोकाही आहे. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. परंतु त्याखालील नोंदवह्या सरसकट खुल्या केल्यास जुना कलंक वंशजांना पुन्हा चिकटू शकतो. म्हणून निवेदकाची संमती व कोणती सामग्री कोणास खुली असावी हे ठरविण्याचा त्या समाजाचा अधिकार, ही या प्रलेखनाची पहिली अट मानली पाहिजे.