दोन शेजारी संख्यांमध्ये अडकलेला संगणक

पूर्णांकाचे दशमान पद्धतीतून, म्हणजे दहाच्या पायावरून, द्विमान पद्धतीत, म्हणजे दोनच्या पायावर, रूपांतर करणे सोपे असते. संख्येला २ ने भागत जाऊन बाक्या उलट क्रमाने मांडल्या की १३ चे ११०१ होते. अपूर्णांकांचे तसे नाही. ०.१ हा अपूर्णांक द्विमानात ०.०००११००११... असा न संपणारा होतो, आणि संगणकाच्या ६४ बिटांच्या नेहमीच्या मांडणीत ५३ सार्थ अंकच मावत असल्याने प्रोग्रामला सर्वांत जवळची मांडता येणारी संख्या निवडावी लागते.

त्यासाठी प्रोग्राम आधी अंदाजी उत्तर काढतो, मोठ्या पूर्णांकांच्या अचूक गणिताने ते पडताळतो आणि समाधान होईपर्यंत सुधारणेचे चक्र फिरवतो. २.२२५०७३८५८५०७२०११ ला १० च्या ३०८ व्या घाताने भागून येणारी संख्या दिली, तर पीएचपी या भाषेत हे चक्र थांबतच नाही, असे जानेवारी २०११ मध्ये उघड झाले. दोष सर्व संगणकांवर दिसत नव्हता. जुन्या पद्धतीच्या इंटेल प्रक्रियकांतील गणिती भाग आकडेमोड ८० बिटांत करतो, आणि ६४ बिटांच्या अपेक्षेने लिहिलेली थांबण्याची अट त्या जादा अचूकतेमुळे कधीच पुरी होत नव्हती. असे दोष शोधणे फार कठीण असते, कारण मधले मूल्य पाहण्यासाठी ते छापणारी एक ओळ घातली, तरी मूल्य स्मृतीत लिहिले जाऊन ६४ बिटांवर येते आणि दोष नाहीसा होऊ शकतो. दुरुस्तीही त्याच गुणधर्मावर आधारलेली होती : संबंधित मूल्ये दर वेळी स्मृतीत लिहिण्याची सक्ती करण्यात आली.

काही आठवड्यांतच, शेवटचा अंक एकाने वाढवलेल्या संख्येवर जावा ही भाषाही अडकली. तेथे दोष प्रक्रियकाचा नसून तर्काचा होता. ही संख्या पूर्ण अचूकतेने मांडता येणाऱ्या सर्वांत लहान संख्येच्या अगदी सीमेवर येते. सीमेखाली सार्थ अंक कमी होत जातात, आणि प्रोग्राम सीमेवरच्या व तिच्या लगतच्या खालच्या संख्येमध्ये आळीपाळीने हेलकावत राहिला. ६४ बिटांचे नमुने १८ वर १८ शून्ये इतके असल्याने यादृच्छिक चाचणीत ही जागा सापडण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. ती सीमा ओळखून मुद्दाम तपासायला हवी होती.