चढणीचे मासे आणि जूनमधली फवारणी



पहिला दणक्यात पाऊस झाला की ओढ्याला गढूळ पाणी येतं आणि मासे धारेविरुद्ध वर चढतात, अंडी घालायला. मरळ तर थेट खाचरातल्या उथळ, गवताळ पाण्यात येते. त्याच दिवसांत आपण वांगी-भेंडीवर सायपरमेथ्रिन मारतो. वर सर आली की औषध मातीला चिकटून ओढ्यात उतरतं.

मासे मरून तरंगले तरच आपण म्हणतो पाणी बिघडलं. पण बिघाड त्याआधीच सुरू होतो. ब्रिटनमध्ये सॅल्मन माशावर हेच औषध तपासलं गेलं, २००१ साली ते प्रसिद्ध झालं. अंडी द्यायला आलेल्या मादीच्या वासाने नराच्या अंगात वीर्य वाढतं. नाममात्र सायपरमेथ्रिन असलेल्या पाण्यातल्या नरांना तो वास नीट येईना, वीर्यही कमी भरलं. लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम औषध असताना फलित अंडी घटली. सॅल्मन आपल्याकडे नाही, पण वासावरून जोडी जमणं रोहूच्या कुळातही आहे.

०.१ मायक्रोग्रॅम म्हणजे किती? २५ टक्के ईसीच्या ४ मिलीत साधारण १ ग्रॅम औषध असतं. तेवढं १ कोटी लिटर पाण्याला पुरतं, म्हणजे ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या चार-पाच शेततळ्यांना. बरंचसं गाळात बसतं हे खरं, पण ओढ्याच्या डोहात बाटली विसळली तर तिथे पाणी असतं किती?

म्हणून पंप, बाटली, झाकण ओढ्यावर धुऊ नका. बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता आणि पिकावर मारा. आभाळ भरलेलं असेल तर फवारणी पुढे ढकला. ओढ्याकडची पट्टी फवारू नका, बांधावरचं गवत राहू द्या, गाळ तिथेच अडतो. आणि हो, डब्यावरचा त्रिकोण माणसाच्या धोक्यासाठी आहे. निळा-हिरवा दिसला म्हणून माशांना चालतं असं समजू नका.

मासे कमी व्हायला बंधारे आणि अंड्यावरची मासेमारीही कारण आहे, सगळा दोष फवारणीचा नाही. पण डोहात औषध ओतून मासे धरणाऱ्यांना मात्र गावानेच अडवायला हवं. ते मासे खाणाऱ्यालाही घातक आहेत.

वांग्यात शेंडेअळी दिसत असेल तर आधी किडके शेंडे खुडा, कामगंध सापळे लावा. फवारायचंच ठरलं तर पिकाचा फोटो ग्रुपवर टाका, औषध आणि दिवस ठरवून सांगतो.